उंबऱ्याबाहेरचा सॉस

जी वस्तू दुसऱ्या कोणीतरी आधीच तयार करून, बाटलीत भरून, वर झाकण लावून आपल्या हाती ठेवली आहे, तीच पहिल्यापासून स्वतः करायला घेणे, यालाच सुसंस्कृतपणा म्हणतात. रानटी माणसाला हे सुचत नाही. त्याला भूक लागली की तो खातो. सुसंस्कृत माणूस भूक लागली असताना आधी टोमॅटोची साल कशी काढावी याचा विचार करतो, आणि विचार पूर्ण होईपर्यंत दुपार कलते.

कार्यपद्धती विभागाचे प्रमुख या दुसऱ्या प्रकारात मोडत होते. पाण्याचे पंप तयार करणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात कोणते काम कोणी, कोणत्या क्रमाने आणि कोणाला विचारून करावे, हे ठरवणे त्यांच्याकडे होते. (पंप तयार करणे इतरांकडे होते. त्यामुळे पंप तयार होत.) जिना कसा चढावा याचीही कार्यपद्धती त्यांनी ठरवून दिली होती. तेव्हापासून जिन्यावरून पडणाऱ्यांचे प्रमाण तेवढेच राहिले असले तरी पडण्यात एक प्रकारची शिस्त आली आहे, असे ते स्वतः सांगत आणि त्यांच्या हाताखालचे लोक माना डोलावत.

या सुरळीत आयुष्यात माशी शिंकली ती मुख्य हिशेबनिसांमुळे. एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत हिशेबनिसांनी आपला डबा उघडला, सर्वांना दिसेल असा टेबलाच्या मधोमध सरकवला आणि मान किंचित खाली घालून म्हणाले, "काही नाही हो, काल जरा पास्ता केला होता. सॉस घरीच केला, ताज्या टोमॅटोंचा. बाटलीतला आपल्याला चालत नाही."

मग टेबलाभोवतीच्या पाच बायकांनी पाच वेगवेगळ्या स्वरांत एकच वाक्य म्हटले, "तुमची बायको किती नशीबवान!" या पाचही जणी वर्षानुवर्षे पहाटे उठून स्वतःचा, नवऱ्याचा आणि मुलांचा डबा करून कामावर येत होत्या. त्यांच्या नवऱ्यांना कोणी नशीबवान म्हटल्याचे कोणाला आठवत नाही. (अशा गोष्टी आठवण्याची पद्धतच नाही.) प्रमुखांनीही एक घास चाखला. सॉस चांगला झाला होता, हेच त्यांचे दुःख होते. तो घास त्यांना संध्याकाळपर्यंत पचला नाही.

घरी त्यांची बायको होती. कारखान्यात त्यांना सगळे वहिनी म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. वहिनी एका दाताच्या दवाखान्यात काउंटर सांभाळत. आठवड्याचे सहा दिवस, दुखऱ्या दातांनी बोलता येत नसलेल्या माणसांचे म्हणणे समजून घेणे हे त्यांचे काम. येत्या रविवारी त्यांचा वाढदिवस होता. काय हवे, असे प्रमुखांनी नियमाप्रमाणे विचारले.

"मला काही नको हो," वहिनी म्हणाल्या. "रविवारी मला फक्त हे पुस्तक संपवू द्या. शेवटचं प्रकरण राहिलंय. रात्री एक पान वाचते आणि डोळे मिटतात."

पुस्तक वाचनालयातले होते, जाडजूड, मागचे कव्हर केव्हाच गळून पडलेले. एका श्रीमंत म्हाताऱ्याचा भर जेवणात खून होतो. संशय चौघांवर असतो: पुतण्या, डॉक्टर, माळी आणि आचारी. सोमवारी पुस्तक परत करायचे होते, कारण पुढचा नंबर लागलेले एक गृहस्थ रोज वाचनालयात जाऊन, ते आले का, म्हणून विचारत होते.

"खून डॉक्टरनेच केलाय," वहिनी म्हणाल्या, "पण तो पकडला कसा जातो ते मला बघायचंय. एवढंच. सलग, कोणी हाक न मारता."

प्रमुखांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. एका दगडात दोन पक्षी! "ठरलं तर," ते म्हणाले. "रविवारी तुला पूर्ण सुट्टी. स्वयंपाक मी करणार. पास्ता, आणि ताज्या टोमॅटोंचा सॉस. तू स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकायचं नाहीस."

इतक्या वर्षांच्या संसारात असे वाक्य वहिनींनी प्रथमच ऐकले होते. त्यावर विश्वास ठेवावा असे त्यांना फार वाटले, आणि त्यांनी तो ठेवला. त्या रात्री त्या मुद्दाम पुस्तक न उघडता झोपल्या. रविवारसाठी राखून ठेवले.

शनिवारी तयारी झाली. प्रमुखांनी हिशेबनिसांना सहकुटुंब जेवायला बोलावले. (आमंत्रण देताना त्यांनी 'सहज' हा शब्द तीनदा वापरला.) कार्यपद्धती लिहून फ्रिजवर चिकटवण्यात आली. तिचे पहिले कलम, 'वहिनी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाहीत', ठळक अक्षरांत होते आणि खाली दोन रेघा होत्या. मग बाजारात जाऊन त्यांनी एकसारखे गोल, टणटणीत, आरशासारखे चकचकीत टोमॅटो पारखून आणले. पाच माणसांना आठ किलो. साल, बिया, पाणी आणि अनुभव यांची घट त्यांनी आधीच धरली होती.

रविवार उजाडला. बंदी नऊ वाजता अमलात येणार होती, म्हणून चहा, सासूबाईंचा नाश्ता आणि रात्रीची भांडी हे सगळे वहिनींनी त्याआधीच आवरून टाकले. नऊच्या ठोक्याला प्रमुखांनी कोरा करकरीत एप्रन बांधला. वहिनी आतल्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या आणि पुस्तक उघडले. इन्स्पेक्टरने चौघाही संशयितांना जेवणघरात जमवले होते. त्याने दार लावून घेतले आणि तो म्हणाला, 'खुनी याच खोलीत आहे.'

"अगं, मोठं पातेलं कुठे आहे?"

"ओट्याखाली, डावीकडे."

"कुठल्या डावीकडे?"

पहिल्या तासाभरात प्रमुखांना पातेले, चाळणी, लहान सुरी, मीठ, त्याहून बारीक मीठ, आणि गॅसचे बटण इकडे फिरवायचे की तिकडे, एवढ्याच गोष्टी विचाराव्या लागल्या. नवख्या माणसाच्या मानाने हे प्रमाण समाधानकारक मानायला हवे. प्रत्येक वेळी वहिनी उत्तर देत आणि पुन्हा त्याच ओळीवर येत. खुनी अजून त्याच खोलीत होता. शेवटी लसूण सापडेना, तेव्हा त्या उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या आणि आत पाऊल टाकणार, तोच प्रमुखांनी वाहतूक पोलिसासारखा हात वर केला.

"थांब! आत यायचं नाही. ठरलंय आपलं."

"अहो, तुमच्या मागेच आहे लसूण. टोपलीत."

"सांग, पण तिथूनच सांग. आज तुझा आरामाचा दिवस आहे."

आतल्या खोलीतून ओरडून वहिनींचा घसा बसेल, ही काळजी प्रमुखांना खरोखरच वाटली. त्यांनी एक स्टूल आणून उंबऱ्याच्या बरोबर बाहेर, पॅसेजमध्ये ठेवले. "इथे बस आरामात आणि वाच. काही लागलं तर हळूच विचारीन." वहिनी बसल्या. ज्या अर्थी त्या बसल्या होत्या, त्या अर्थी आराम सुरू झाला होता.

मग सालींचा प्रश्न आला. टोमॅटोच्या बुडाला सुरीने फुलीसारखी चीर द्यावी, उकळत्या पाण्यात घालावा, काढून गार पाण्यात टाकावा, म्हणजे साल आपोआप सुटते, असे कार्यपद्धतीत म्हटले होते. पहिल्या टोमॅटोने प्रमुखांची बोटे पोळली. दुसरा हातातून निसटून फ्रिजमागे गेला. (तो अजून तिथेच असावा.) तिसऱ्याची साल निघाली, पण तिच्याबरोबर टोमॅटोही निघाला. प्रमुखांनी कलम एक पुन्हा बारकाईने वाचले. त्यात वहिनींच्या पावलांना आत येण्याची बंदी होती. टोमॅटोंनी बाहेर जाऊ नये, असे कुठेही म्हटलेले नव्हते.

"तू नुसतीच बसलीयस ना," ते म्हणाले, "एवढे चार सोलून दे."

घरगुती गणितात चार म्हणजे सगळे. परात उंबरा ओलांडून बाहेर आली, आणि वहिनींनी आठ किलो टोमॅटो सोलले, चिरले, बिया काढल्या. पुस्तक आधी मांडीवर होते, मग स्टुलाच्या कोपऱ्यावर गेले, मग हात ओले म्हणून खाली फरशीवर पालथे ठेवावे लागले.

बाहेरच्या खोलीत सासूबाई बसल्या होत्या. त्यांचा जीव मुलासाठी तुटत होता. "अगं, त्याला जरा हातभार लाव गं," त्या म्हणाल्या. "एकटाच राबतोय सकाळपासून."

"आई, मला आत जायला बंदी आहे."

"मग बाहेरून लाव."

या एका वाक्याने साऱ्या व्यवस्थेला भक्कम पाया मिळाला. त्यानंतर कांदे बाहेर आले, कारण आत चिरले असते तर प्रमुखांच्या डोळ्यांना पाणी आले असते. लसूण बाहेर आला, कारण तो कांद्याबरोबर असतो. गॅसवर पास्त्याचे पाणी तापत होते, तेव्हा सॉससाठी विजेची शेगडी पॅसेजमध्येच लांब वायर जोडून चपलांच्या स्टँडवर मांडण्यात आली. (चपला आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या त्या खुर्चीवर ठेवल्या.) "फक्त ढवळायचं," प्रमुख म्हणाले. "लाकडी चमचा आहे, काही जड नाही. एका हाताने ढवळ, दुसऱ्या हाताने वाच."

भर दुपारी परिस्थिती अशी होती: पॅसेजमध्ये शेगडी, पातेले, सुरी, चाळणी, तेल, मीठ, सालींची बादली आणि वहिनी, स्वयंपाकघरात प्रमुख आणि बेसिलची जुडी. ते एकेक पान खुडून, उजेडात धरून, पसंत पडल्यास बशीत ठेवत होते. खरे पाहता स्वयंपाकघर आता पॅसेजमध्ये गेले होते. पण त्याचे नाव अजून आधीच्याच खोलीला चिकटून होते, आणि कलमात नावाचाच उल्लेख होता. मध्येच त्यांना फोटोची आठवण झाली. "पातेलं जरा आत दे गं, फोटोपुरतं." पातेले आत गेले, प्रमुखांनी चमचा धरून वाफेकडे प्रेमाने पाहिले, वहिनींनी उंबऱ्याबाहेरून फोटो काढला आणि पातेले बाहेर आले.

वहिनींनी एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने पुस्तक उचलले. 'खुनी याच खोलीत आहे,' इन्स्पेक्टर म्हणाला. डॉक्टरच्या कपाळावर घाम आला. इन्स्पेक्टर एक पाऊल पुढे सरकला आणि...

"अगं, आंबट लागतंय. साखर घालायची का?"

"चिमूटभर."

"चिमूट म्हणजे किती?"

वहिनींनी पुस्तक मिटले. चमचा पातेल्याला जरा जोरात लागला, आणि ते प्रमुखांना आवडले. मन लावून ढवळतेय, असे त्यांना वाटले.

एक वाजता पाहुणे आले तेव्हा सॉस तयार नव्हता. तो पातेल्यात होता, लाल होता, उकळत होता. फक्त सॉस नव्हता. गोल, टणटणीत, चकचकीत टोमॅटो हे दिसायला देखणे आणि आतून पाणी असतात. (कारखान्यातल्या काही वरिष्ठांचा उल्लेख इथे मुद्दाम टाळला आहे.) 'दाट होईपर्यंत ढवळावे', असे कार्यपद्धतीत म्हटले होते, न झाल्यास कोणाला विचारावे, हे राहून गेले होते. प्रमुख एप्रनसह बाहेरच्या खोलीत गेले आणि हिशेबनिसांशी चर्चेला बसले. ताज्या टोमॅटोला एक आत्मा असतो आणि तो बाटलीत भरता येत नाही, यावर दोघांचे लगेच एकमत झाले.

हिशेबनीसबाई मात्र बाहेरच्या खोलीत थांबल्याच नाहीत. हातात रंगीत कागदात बांधलेली भेट घेऊन त्या सरळ पॅसेजमध्ये आल्या. स्टुलावर वहिनी, स्टँडवर शेगडी, बादलीत सालींचा ढीग. त्यांना जराही आश्चर्य वाटले नाही.

"तुम्हाला पॅसेज का?" त्या म्हणाल्या. "मला बाल्कनी होती. आणि डोक्यावर ऊन."

वहिनी सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

"भेट आत्ताच उघडा," हिशेबनीसबाई हळूच म्हणाल्या. "उद्या तिचा उपयोग नाही."

कागदात तयार सॉसच्या दोन मोठ्या बाटल्या होत्या. झाकणांना रिबनसुद्धा बांधली होती.

प्रमुख त्या वेळी बाहेरच्या खोलीत असल्यामुळे त्यांच्या माहितीप्रमाणे पुढील घटना घडलीच नाही. निम्म्याहून अधिक लाल पाणी मोरीत गेले. (ते ओतायला हिशेबनीसबाई आत गेल्या; त्यांच्या पावलांवर बंदी नव्हती.) त्याच्या जागी दोन्ही बाटल्या आल्या. वर तेल, लसूण, मीठ आणि प्रमुखांनी पसंत केलेली पाने. अर्ध्या तासात पॅसेजभर असा वास सुटला, की बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "जमलं गं बाई माझ्या लेकाला!"

जेवायला बसेपर्यंत दोन वाजत आले होते. प्रमुखांनी पातेले स्वतःच्या हाताने उचलले. (हे मान्य करायला हवे, त्यांनी ते स्वतः उचलले.) बुडाला सॉसचे ओघळ होते, टेबलाला नुकतेच पॉलिश केले होते. खाली ठेवायला काहीतरी जाड हवे होते. त्यांनी मागे वळून पाहिले तर स्टुलावर बरोबर त्याच जाडीची एक वस्तू पालथी पडली होती. अडीअडचणीला योग्य वस्तू झटकन सुचणे हा त्यांचा कामातला लौकिकच होता. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि वर गरम पातेले टेकवले. वहिनी तेव्हा उंबऱ्याबाहेर आणून दिलेला पास्ता उपसत होत्या.

हिशेबनिसांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि त्यांचा चेहरा थोडा पडला. "मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "ही चव बाटलीत येणंच शक्य नाही."

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. "ह्याने जन्मात कधी पाण्याचा पेला उचलला नव्हता हो. नशीब काढलंस सूनबाई!"

"आणि आज हिने," प्रमुख भरल्या आवाजात म्हणाले, "स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. विचारा हवं तर तिला."

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिले. वहिनींच्या नखांत लाल रेघा होत्या आणि हाताला कांद्याचा वास येत होता. "नाही टाकलं," त्या म्हणाल्या. ते अक्षरशः खरे होते. हिशेबनीसबाईंना ठसका लागला आणि त्यांना पाणी द्यावे लागले.

पाहुणे गेले. बंदी सहा वाजेपर्यंत होती, म्हणून भांडी सहा वाजेपर्यंत तशीच राहिली. सहा वाजता बंदी सन्मानपूर्वक उठवण्यात आली आणि वहिनी आत गेल्या. प्रमुख दमून आडवे झाले होते. एवढा स्वयंपाक केल्यावर कोणीही होईल. ओटा पुसून, हात धुऊन, वहिनी पुस्तक शोधत बाहेर आल्या. ते स्टुलावर नव्हते. त्यांनी टेबलावरचे पातेले उचलले.

पुस्तक पालथे होते आणि त्याला मागचे कव्हर नव्हते, हे आधी सांगितलेच आहे. शेवटचे प्रकरण सॉस पिऊन, गरम बुडाखाली भाजून, एकच जाड लाल पान झाले होते. वहिनींनी एक कोपरा हळूच सोडवून पाहिला. तो हातात आला. त्यावर 'एक पाऊल पुढे' एवढेच वाचता येत होते.

प्रमुख उठून आले आणि त्यांनी ते पाहिले. त्यांना खरोखर वाईट वाटले. ते वाईट माणूस नव्हते; खरी अडचण तीच आहे. "अगं, मला काय माहीत... मी उद्याच नवीन आणून देतो."

"मिळत नाही ते कुठे. म्हणून तर नंबर लावावा लागतो."

वहिनी खुर्चीत बसणार होत्या, पण खुर्चीवर चपला होत्या. त्या स्टुलावरच बसल्या. रडू येईल असे त्यांना वाटले होते, पण आला तो राग, आणि रागही इतका दमलेला, की तो हसण्यासारखाच दिसत होता.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "खून कोणी केला ते कळलं मला."

"कोणी? डॉक्टरने ना?"

"नाही. आचाऱ्याने."

"कशावरून?"

वहिनींनी ते लाल झालेले पुस्तक त्यांच्यापुढे धरले. प्रमुखांनी ते पुराव्यासारखे काळजीपूर्वक पाहिले. कामाची सवय सुटत नाही. "पण आचाऱ्याचा हेतू काय असणार?" ते म्हणाले.

"हेतू चांगलाच होता," वहिनी म्हणाल्या, आणि पातेले घासायला आत गेल्या.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत प्रमुखांनी फोटो दाखवला. त्याच पाच बायकांनी त्याच पाच स्वरांत तेच वाक्य म्हटले. सुटे भाग विभागाच्या साहेबांचा घास घशात अडकला, आणि येत्या रविवारी आपणही ताज्या टोमॅटोंचा सॉस करणार असल्याचे त्यांनी तिथेच जाहीर केले. त्यांच्या घरी गच्ची आहे. वहिनी संध्याकाळी वाचनालयात गेल्या, तेव्हा पुढचा नंबर असलेले गृहस्थ दारातच उभे होते.

आता फक्त एक बाब नोंदवायची राहते. ज्या अर्थी प्रस्तुत मजकूर आपण पहिल्या ओळीपासून इथपर्यंत, मध्ये कोणीही 'अगं, चाळणी कुठे आहे?' अशी हाक न मारता, एका बैठकीत वाचू शकलात, त्या अर्थी आपल्या घरचा आजचा स्वयंपाक दुसरे कोणीतरी करत आहे. त्या व्यक्तीच्या पुस्तकाचे किती वाचायचे राहिले आहे, याची आपण समक्ष चौकशी करावी. (चौकशीसाठी स्वयंपाकघरात पाऊल टाकण्यास आपल्याला कोणाचीही हरकत नाही, आणि कधी नव्हतीही.)